पूलवाल्याच्या टोपलीत काय होतं

मी तो पूल ओलांडला आहे, असं मला आठवतं. फळ्यांच्या फटींतून दिसणारं खाडीचं गढूळ पाणी, हाताला लागणारी खरखरीत तार, पुढे चालणाऱ्या कोणाच्या तरी पावलांनी माझ्या पायांखाली येणारे हेलकावे. ही आठवण खोटी आहे. पूल पडला तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. पनवेलमध्ये वाढलेल्या माझ्या वयाच्या अनेकांना तो पूल आठवतो, आणि आम्ही सगळेच ऐकलेलं पाहिलेलं म्हणून सांगतो.

मी आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केलं. सुरुवातीची काही वर्षं बातमीदार होतो, पुढे निवृत्तीपर्यंत उपसंपादकाच्या टेबलावर. दुसऱ्याच्या मजकुरावर संशय घेणं हे त्या टेबलाचं काम. हे कोणी सांगितलं, त्याला ते कसं कळलं, त्याचा त्यात काय फायदा, हे तीन प्रश्न मी हजारो बातम्यांना विचारले असतील. या पुलाच्या बातमीला ते विचारले नव्हते, कारण ती मीच लिहिली होती.

पुलाबद्दल जे खात्रीने सांगता येतं ते थोडं आहे. पनवेलच्या खाडीचा एक फाटा आत शिरतो. त्याच्या एका काठावर गाव आणि समोरच्या काठावर गावाची मिठागरं होती. जुन्या मोजणीच्या नकाशावर या फाट्यावरून एक तुटक रेघ जाते आणि तिच्या शेजारी पूल एवढाच शब्द आहे. तो झुलता पूल होता. दोन जाड लोखंडी तारा, दोन्ही काठांवर दगडी खांब, तारांना लटकवलेल्या फळ्या. या भागात असा पूल त्याआधी कोणी पाहिला नव्हता, असं गाव म्हणतं. तो कोणी बांधला यावर तीन मतं आहेत. कोणी गोरा इंजिनिअर सांगतो, कोणी मिठागराचा कंत्राटदार, तर एका घरात त्यांच्या पणजोबांनी एकट्याने बांधला असं सांगतात. कागद एकाही मताला नाही. तारा बंदरातल्या कुठल्याशा मोडीत काढलेल्या यारीच्या, म्हणजे क्रेनच्या होत्या, हे मात्र तिन्ही मतांना मान्य आहे.

खांबांच्या मागे जमिनीत दगडी बांधणीचे खड्डे होते. तारांची टोकं त्या खड्ड्यांत उतरून लोखंडी दांड्यांना अडकवलेली असत. वर लाकडी झाकण. पुलाची निगा राखायला गावाने एक माणूस नेमला होता. फळी मोडली की तो बदलायचा, तार ढिली पडली की ताणायचा, खड्ड्यांतल्या टोकांना वंगण लावायचा. त्याला सगळे पूलवाला म्हणत.

मग एके दिवशी भर दुपारी, ओहोटीच्या वेळी, वारा नसताना आणि वर एकही माणूस नसताना पूल पडला. कोणाला खरचटलंही नाही. गावाला शंका आली ती यामुळेच. पूल उधाणात गेला असता तर खाडीला दोष दिला असता. माणसांनी भरलेला असताना गेला असता तर नशिबाला. रिकामा पूल उन्हात आपोआप पडतो, यावर कोणाचा विश्वास बसेना. पूलवाल्याने तारा आतून कापून विकल्या, असं ठरलं. त्याला पोलिसांनी धरलं नाही, गावानेही मारलं नाही. लोक त्याच्याशी बोलायचे तेवढे थांबले.

बातमीदार असताना मी खाडीकाठच्या गावांवर एक मजकूर लिहिला होता. त्यात या पुलावर चार ओळी होत्या आणि शेवटची ओळ अशी: राखणदारानेच तारा विकल्याने हा पूल कोसळला, असे ग्रामस्थ सांगतात. कोणत्या ग्रामस्थाने सांगितलं ते मला आज आठवत नाही. बहुधा चहाच्या टपरीवर कोणीतरी बोललं असावं. 'असे ग्रामस्थ सांगतात' लिहिलं की आपली जबाबदारी संपते, असं त्या वयात वाटायचं.

मिठागरं कधीच बंद झाली. काही जागा भरावाखाली गेली, काहींवर तिवरं माजली. आता त्याच फाट्यावर नवा काँक्रीटचा पूल झाला आहे आणि त्यावरून दिवसभर डंपर जातात. पुलाच्या तोंडाशी जुन्या पुलाचा इतिहास सांगणारा बोर्ड लावायचं गावाच्या समितीने ठरवलं. समितीचे अध्यक्ष गावातलेच, मिठागरवाल्यांच्या घरातले, आता बिल्डर. बोर्डाचा खर्च त्यांचा. नवीन पनवेलच्या माझ्या फ्लॅटवर त्यांचा फोन आला.

"सर, मॅटर व्हॉट्सॲप केलंय. फक्त स्पेलिंग बघून द्या. शुक्रवारी उद्घाटन आहे."

मजकूर दहा-बारा ओळींचा होता. पहिल्या ओळीत पूल प्राचीन होता, दुसरीत तो आशियातला पहिला होता. दोन्ही मी खोडलं. शेवटून दुसऱ्या ओळीशी थांबलो. ती माझी होती. शब्दन्‌शब्द माझी, फक्त 'असे ग्रामस्थ सांगतात' एवढं गळलं होतं. राखणदारानेच तारा विकल्याने हा पूल कोसळला. पूर्णविराम.

मी अध्यक्षांना फोन करून विचारलं, हे कुठून घेतलं?

"पेपरमध्ये आलेलं आहे ना सर. कटिंग आहे आमच्याकडे. प्रूफ आहे."

त्या प्रूफवर माझं नाव नव्हतं, त्यामुळे ते कोणी लिहिलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही त्यांना सांगितलं नाही. मजकूर तपासायला दोन दिवस द्या, म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी एका अनोळखी बाईंचा फोन आला. पूलवाल्याच्या मुलीची मी सून, असं त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी बोलावलं आहे. माझा नंबर कुठून मिळाला, हे मी दोनदा विचारूनही त्यांनी सांगितलं नाही.

पूलवाल्याची मुलगी आता ऐंशीच्या घरात आहे. गावातच दिली होती आणि गावातच राहिली. मी पोचलो तेव्हा ती ओटीवर बसून जवळा निवडत होती. सुपावरची मान वर न करता, नुसते डोळे उचलून तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तूच तो पेपरवाला कं?"

"हो मावशी."

"फोन उलटा ठेव. रेकॉड करतंस ना?"

मी रेकॉर्ड करत नव्हतो. फोन उलटा ठेवला. तिने सुनेला खूण केली. सुनेने फोन उचलून आत नेला. मग चहा आला.

"माजा बापूस चोर, असा तूच लिवलास. तवा गावान आलेला पेपरवाला तूच एकला."

"लोक सांगतात, असं लिहिलं होतं."

"लोक! आनी लिवला कोनी? लोकांचे हातान पेन व्हता कं?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

तिचं म्हणणं साधं होतं. बोर्डावर ती ओळ लागता कामा नये. लोकांच्या तोंडाला तिने सत्तर वर्षं तोंड दिलं होतं. तिच्या लग्नात वऱ्हाडातल्या कोणीतरी मांडवाच्या खांबाला बांधलेली तार दाखवून 'ही पन सासऱ्याचीच कं?' म्हणून नवऱ्याला चिडवलं होतं, ते तिला अजून शब्दश: पाठ होतं. पण बोलणारी माणसं मरतात. बोर्ड राहतो. तिचा पणतू आता शाळेत वाचायला शिकला होता आणि शाळेची रिक्षा रोज त्याच पुलावरून जाणार होती.

मी विचारलं, "तारा विकल्या नाहीत, हे तुम्हाला कशावरून माहीत?"

"मना म्हायती हाय."

"ते पुरेसं नाही मावशी. तुम्ही मुलगी आहात. मुलगी असंच म्हणणार."

सून दारातून म्हणाली, "बघा, मी सांगत होते. याला नका बोलावू."

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. मग तिने एक गोष्ट सांगितली आणि ती सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मिठागरात मोसमातलं पहिलं मीठ ओढलं की त्याच्या टोपल्या वाटायची गावात रीत होती. पहिली टोपली गावदेवीला. दुसरी उघाडीला, म्हणजे मिठागरात भरतीचं पाणी घ्यायच्या लाकडी दाराला. उघाडीच्या खांबांच्या बुडाशी ते मीठ ओतायचं. यामागे अनुभव होता. मिठात मुरलेलं लाकूड कुजत नाही. गावातल्या उघाडीचे खांब तीन पिढ्या टिकले होते. मासळी मिठाने टिकते, कैरी टिकते, लाकूड टिकतं. मग पूल आला. गावाने त्यालाही आपल्यात घेतलं आणि तिसरी टोपली पुलाला ठेवली. खांब दगडाचे, तिथे मीठ कुठे ओतणार? तेव्हा तारांच्या टोकांचे खड्डे भरायला सुरुवात झाली. हळद-कुंकू वाहून, नारळ फोडून, झाकण उघडून लोखंडावर वीतभर मीठ.

"दर साल?" मी विचारलं.

"दर साल. घराघरातून टोपली. पोरींनी वाहाचा. मी पन वायलाय. पूलवाल्याची पोरगी म्हनून माजी टोपली पयली."

"तुमच्या वडिलांनी अडवलं नाही?"

"कोनाला? देवीचे कामाला?"

पूलवाल्याला लोखंड कळत होतं. वंगणाचा डबा त्याच्याकडे होता आणि मीठ लोखंडाचं काय करतं हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने गावाशी वाद घातला नाही. सगळे लोक मीठ वाहून परत गेले की दोन-तीन दिवसांनी, उजाडायच्या आत, तो एकटा खड्ड्यात उतरायचा, मीठ उपसायचा, टोपलीत भरून डोक्यावर घेऊन खाडीत टाकायचा, तारा पुसायचा आणि वंगण लावायचा. वर थोडं मीठ पसरून ठेवायचा, दिसायला. हे त्याने अनेक वर्षं केलं. एकदा त्याला कोणीतरी पाहिलं. पुलाच्या खड्ड्यातून काहीतरी काढून टोपलीत घालून पहाटे नेतो, हे गावभर झालं. त्यानंतर त्याने ते बंद केलं. मीठ खड्ड्यात राहायला लागलं. तीन-चार पावसाळे गेले आणि पूल पडला.

"हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही?"

"काय सांगनार? तुमचे देवीचे मीठान पूल खाल्ला, असा? वालीत टाकला असता. चोर तं चोर. चोराला निदान हिरीवरचा पानी मिलतं."

गोष्ट चांगली होती. मला चांगल्या गोष्टींची भीती वाटते. सांगणाऱ्याच्या बाजूने इतकी नेमकी बसणारी आणि दुसरा साक्षीदार मेलेला असलेली गोष्ट टेबलावर आली असती, तर मी ती परत पाठवली असती. सत्तर वर्षांत ही गोष्ट घराबाहेर का पडली नाही, याचंही उत्तर गोष्टीतच होतं. तेही मला खटकलं.

उठताना मी विचारलं, त्यांना पहाटे पाहिलं कोणी?

तिने एका घराचं नाव घेतलं. त्या घरातला सर्वांत मोठा माणूस तिच्याच वयाचा होता. पूलवाला चोर होता हे गावात सगळ्यांत मोठ्याने सांगणारा तोच.

मी परस्पर त्याच्याकडे गेलो. पूलवाल्याच्या मुलीच्या घरून आलोय, हे त्याला मी पोचायच्या आधीच कळलेलं होतं.

"तिनं चाय पाजली कं? मंग झाला. आता तू तिचाच लिवनार."

"तुमचंही लिहीन. सांगा तर."

म्हातारा आरामात बसला. त्याच्या बापाने स्वत:च्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि बापाने त्याला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्याला ते सगळं चित्र पाठ होतं. पहाट. पूलवाला खड्ड्यातून वर येतो. डोक्यावर टोपली, वर फडकं. इकडेतिकडे बघतो. खाडीकडे जातो.

"वायर नेत व्हता."

"टोपलीत? वायर टोपलीत मावेल?"

"गुंडाली करून. मंग?"

"जड असेल."

"जड म्हनजे! वाकला व्हता. बापूस बोलाचा, टोपलीतून पानी गलत व्हता, पाठ सगली भिजलेली. आनी ऊन आला तवा पाठीव पांढरे वघल. सुकलेले. काल्या पाठीव पांढरे पट्टे, वाघासारा. बापूस सांगाचा आनी आमी पोरं हसाचो."

तो स्वत:च हसला. मी हसलो नाही. वहीत लिहिलं: पाणी गळत होतं, पाठीवर पांढरे ओघळ. लोखंडाच्या तारेतून पाणी गळत नाही आणि गळलंच तर त्याचा ओघळ तांबडा असतो. खड्ड्यात मुरलेल्या मिठातून मात्र खारट पाणी गळतं. ते सुकलं की पांढरं होतं. हे त्या म्हाताऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार, त्याचा जन्म मिठागरात गेला होता. पण बापाने वायर सांगितली होती, त्यामुळे त्याने कधी पाठीकडे पाहिलंच नव्हतं.

विरोधातल्या साक्षीदाराने न कळता दिलेली माहिती मला सर्वांत भरवशाची वाटते. तरी ती ऐकीव होती. बापाने मुलाला सांगितलेली, सत्तर वर्षं घासलेली.

त्याच्या ओटीवर दोन खांबांच्या मध्ये कपडे वाळत घातलेले होते. खाली जाड तार होती, हिरव्या रंगाने रंगवलेली.

"ही पुलाची का?"

"पुलाचीच. गावान सगल्यांकडं हाय. पडला तवा तोडून वाटून घेतली. आमची आमचे काठाची, खड्ड्यातली. बापूस पयला पोचला व्हता. दर दिवाळीला रंग देतो मी."

चोराने विकलेल्या तारा चोरी झाल्यावर गावाने वाटून घेतल्या, यात काही खटकतं का, हे मी त्याला विचारलं नाही. तारेचं एक टोक खांबाला गुंडाळलेलं होतं आणि दुसरं गाठीतून वीतभर बाहेर लोंबत होतं. ते टोक निमुळतं होतं.

मला लोखंड कळत नाही. करंज्याच्या बंदरात ट्रॉलरच्या वायरी जोडणारा एक कारागीर माझ्या ओळखीचा आहे. पूर्वी बंदराच्या बातम्यांसाठी मी त्याला त्रास द्यायचो. बुधवारी त्याला घेऊन आलो. त्याला पुलाची गोष्ट सांगितली नाही. फक्त म्हणालो, ही तार कशी तुटली ते सांग.

त्याने दोन्ही टोकं सोडवून घेतली. म्हातारा शेजारी उभा राहून त्याच्या हातांवर नजर ठेवून होता, जणू हाही काहीतरी कापून नेईल. कारागिराने खांबाकडचं टोक दाखवलं.

"ह्यो छिन्नीनं तोडलेला. बघा, सगले धागे एका लांबीचे, तोंडं चपटी." मग त्याने लोंबतं टोक चाकूने खरवडलं. रंगाचे थर निघाले, खाली वेगवेगळ्या दिवाळ्या दिसल्या. आतले धागे एकेक करून बारीक होत गेले होते, काही सुईसारखे, कोणाचंही टोक दुसऱ्याच्या बरोबरीला नाही. "ह्यो कोनी तोडला नाय. ह्यो मेलाय. हातभर लांबीन खाऊन-खाऊन बारीक झालाय, मंग वजन आला आनी सुटला."

"कशाने खाल्लं?"

"खारानं. ग्रीस नसला की वायर अशीच मरते."

"खात्री आहे? मिठानेच?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "आमचे दर्याव काय साखर असते?"

म्हाताऱ्याने तार त्याच्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा खांबाला बांधायला लागला.

"यो करंज्याचा मानूस कोनी आनला?"

"मी."

"तू नाय. तिनं." तो गाठ मारत राहिला. गाठ दोनदा सुटली.

गुरुवारी संध्याकाळी गावदेवीच्या सभामंडपात बैठक होती. अध्यक्ष, समितीचे पाच-सहा जण, बोर्ड छापणारा मुलाणी पेनड्राइव्ह घेऊन, मागे बायका. म्हातारा पुढच्या खुर्चीवर. पूलवाल्याची मुलगी सुनेचा हात धरून आली आणि खांबाला टेकून खालीच बसली. मी सुरुवातीलाच सांगितलं की ती बातमी माझी होती आणि मी ती न तपासता लिहिली होती. अध्यक्षांनी मोबाइल खिशात ठेवला.

मग मी मिळालेली माहिती सांगितली. मीठ या शब्दापर्यंत आलो तसा गलका झाला.

"देवीचे मीठानं पूल पडला, असा बोर्डाव लिवाचा?" म्हातारा उठून उभा राहिला. "आमचे आजे येडे व्हते कं?"

अध्यक्ष मधे पडले. त्यांचा तोडगा तयार होता आणि इतका तयार होता की मला त्याचाही संशय आला. "सर, कॉन्ट्रोव्हर्सी नको. चोरीची लाइन काढतो, मिठाची पण नको. 'कालांतराने पूल नामशेष झाला.' सगळे खूश."

बायकांमधून आवाज आला. "मी नाय खूश."

पूलवाल्याची मुलगी उभी राहिली नव्हती. बसल्या जागेवरून बोलली. "काय नाय लिवला तं चोरच राहतो तो. गावाला म्हायती हाय. लिवायचा तं लिवा: मीठ मी टाकला. पूलवाल्याचे पोरीनं. पयली टोपली माजी व्हती. पूल मी पाडला."

समितीतला एकजण म्हणाला, "हे चालेल." दुसऱ्याने मान हलवली. लहान मुलीच्या हातून अजाणता झालेली चूक. कोणाचा आजा वेडा ठरत नव्हता, देवी मधे येत नव्हती. मुलाणीने पेन काढलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी म्हातारा ओरडला.

"तुजी टोपली? केवढी व्हती गं तुजी टोपली? एवढीशी!" त्याने हाताने वाटीएवढं माप दाखवलं. "तुजे टोपलीनं पूल पडतो? आमचे आगराचा मीठ व्हता त्यान. दोन दोन टोपल्या, मोठा खडा. माजी बहीन वाहाची. गावान तसा मीठ कोनाचा नव्हता."

"आमचा व्हता!" मागून एक बाई म्हणाली. "माजे सासूचे माहेरचा."

"तुमचा? काला मीठ तुमचा!"

मग कोणाच्या घरून किती टोपल्या जायच्या यावर पाच मिनिटं भांडण झालं. जो तो आपलं मीठ जास्त होतं म्हणून सांगत होता. अध्यक्षांनी दोन वेळा शांत राहा म्हटलं. आपण काय कबूल करतोय हे म्हाताऱ्याच्या लक्षात आलं तेव्हा तो बोलता बोलता थांबला. हळूच खाली बसला. मग म्हणाला, "लिवा. गावानं टाकला. सगल्यांनी."

मी मजकूर आधीच लिहून आणला होता. वाचून दाखवला: मोसमातले पहिले मीठ पुलाला वाहण्याची गावाची रीत होती. त्या मिठाने तारा गंजून पूल पडला. राखणदाराने तारा कापल्या किंवा विकल्या, याचा पुरावा नाही.

अध्यक्षांना ते पसंत पडलं. मुलाणी लिहून घेऊ लागला.

"थांब," पूलवाल्याची मुलगी म्हणाली. ती आता उभी होती. "पुरावा नाय म्हंजे काय?"

"म्हणजे तसं काही सापडलं नाही."

"म्हंजे केला असंल, सापडला नाय, असा?"

म्हातारा पटकन म्हणाला, "तोच अर्थ व्हतो." त्याच्या आवाजात कुचकेपणा होता की मदत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"तू बघितलास ना वायर?" तिने मला विचारलं. "मंग तुना काय वाटतं? विकला कं माजे बापाशीनं?"

मी आयुष्यात अनेक वाक्यांतून 'नाही' काढून 'पुरावा नाही' घातलं होतं. ते शहाणपणाचं असतं आणि बहुतेक वेळा बरोबरही. माझ्या हातात एका तारेचं एक टोक होतं, एका मेलेल्या माणसाने पाहिलेली भिजलेली पाठ होती, आणि एक मुलगी होती जी मुलगीच होती. दुसऱ्या तारेचं टोक मी पाहिलेलं नव्हतं. समोरच्या काठाचे खड्डे कंटेनर यार्डाच्या भरावाखाली गेले होते. टेबलावर असतो तर मी हे वाक्य परत पाठवलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

"मंग तसा लिव."

मी मुलाणीच्या हातातला कागद घेतला. शेवटचं वाक्य खोडलं आणि त्याच्या वर लिहिलं: राखणदाराने तारा कापल्या नाहीत आणि विकल्या नाहीत. कागद परत दिला. म्हाताऱ्याने तो मधेच हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरून ओठ हलवत वाचला आणि मुलाणीकडे दिला.

सुनेने सासूला ते वाक्य वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना सून 'राखणदाराने'पाशी पोचली तसं तिने तिला थांबवलं.

"राखनदार कोन? त्याला राखनदार कवा कोन बोलला? पूलवाला लिव."

मुलाणीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने ते बदललं.